रविवारचं कार्ड हातात आलं की मी काय करतो

तू विचारलंयस की डिसेंबरपासून दर रविवारी महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या रेसला जातोयस, प्रत्येक रेसला फेव्हरिटवर, म्हणजे ज्याच्यावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे लागलेत त्या घोड्यावर, थोडे थोडे लावतोस, त्यातले दोन-तीन लागतातही, तरी संध्याकाळी खिसा हलकाच कसा होतो, आणि आम्ही जुने लोक आदल्या रात्रीच अख्ख्या दिवसाचा अंदाज कसा बांधतो. शिवाय गेटवर भेटणाऱ्या एकाची टिप घ्यावी का आणि जॅकपॉट खेळावा का तेही विचारलंयस. सगळं सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी एक गोष्ट, ती नीट धर म्हणजे बाकीचं आपोआप समजत जाईल. तू घोडा निवडतोयस. मी आधी रेस निवडतो. कार्डात, म्हणजे त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांच्या यादीत, आठ रेस असतील तर त्यातल्या चार-पाच मी आदल्या रात्रीच सोडून देतो, त्यांच्यापुढे पेन्सिलने फुली मारतो आणि त्या रेस मी फक्त बघतो, त्यांवर एक रुपया लावत नाही. उरलेल्या तीन-चारांत माझा सगळा अभ्यास जातो. आठही रेसमध्ये आपल्याला कळतंय असं ज्याला वाटतं त्याला एकाही रेसमधलं कळत नाही, हे मी तीसेक वर्षं बघत आलोय, स्वतःसकट.

वडील लोअर परळच्या मिलमध्ये होते, त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शाळेत होतो. कठड्याला टेकून जॉकी वसंत शिंदेंची रेस बघणं म्हणजे वडिलांचा सण असायचा, त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. १९९१ पासून मी स्वतः वह्या ठेवतोय, एका सीझनला एक दोनशे पानी वही. त्या वह्यांतून जे शिकलो तेच इथे लिहितोय, कुठल्या पुस्तकातलं नाही.

आता कार्ड कसं वाचायचं. तू काय करतोस मला माहितीये, घोड्याच्या नावापुढचे मागच्या रेसचे आकडे बघतोस, १-२-१ दिसलं की खूश, ५-७-४ दिसलं की पुढे. हे आकडे म्हणजे नुसता निकाल, ती रेस कशी झाली ते त्यात नाही. पाचवा आलेला घोडा कशामुळे पाचवा आला? त्याला बेंडवर, म्हणजे वळणावर, बाहेरून फिरावं लागलं का, स्ट्रेटमध्ये, म्हणजे शेवटच्या सरळ पट्ट्यात, समोर घोड्यांची भिंत उभी राहिली का, की त्याचा पल्लाच नव्हता? म्हणून प्रत्येक रेसचा व्हिडिओ किमान तीनदा बघायचा, आणि जिंकणाऱ्याकडे न बघता बघायचा. पहिल्यांदा सुरुवात बघ, गेट उघडल्यावर कोण चटकन बाहेर पडलं, कोण राहिलं. दुसऱ्यांदा बेंड बघ, कोण रेलला, म्हणजे आतल्या कठड्याला, चिकटून वाचलं आणि कोणाला तीन घोड्यांच्या बाहेरून फिरावं लागलं. तिसऱ्यांदा शेवटचे २०० मीटर आणि पोस्टच्या, म्हणजे रेस संपते त्या खांबाच्या, पुढचंही थोडं बघ, काही घोडे पोस्ट ओलांडल्यावर खरे मोकळे धावताना दिसतात, ते लिहून ठेव.

मग पेस, म्हणजे रेस किती वेगात पळवली जाणार ते. माझ्या मते नवीन माणूस सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो ते इथेच. प्रत्येक रेसमध्ये मी आधी एवढंच शोधतो की पुढे कोण जाणार. पुढे जाणारा एकटाच असेल, त्याला कोणी त्रास देणारं नसेल तर तो आपल्या चालीने जातो, दम राखतो आणि स्ट्रेटमध्ये पुन्हा पळतो, त्याला पकडणं कठीण. पण पुढे जाणारे तीन असतील तर ते एकमेकांना खातात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. म्हणजे घोडा तोच, जॉकी तोच, ट्रॅक तोच, पण एका रेसमध्ये तो पाच लेंग्थने, म्हणजे पाच घोड्यांच्या लांबीने, जिंकतो आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या रेसमध्ये शेवटून दुसरा येतो, आणि लोक म्हणतात घोडा मुद्दाम खेचून हरवला. बहुतेक वेळा कोणी खेचलेला नसतो रे, त्याला यावेळी एकट्याने पुढे जायला मिळालं नाही एवढंच.

वहीतली एक रेस सांगतो, नावं काढून नुसत्या नंबरांनी, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल.

१४०० मीटर, क्लास थ्री, रेटिंग, म्हणजे घोड्याच्या ताकदीचा अधिकृत आकडा, ४० ते ६६, नऊ घोडे. एक नंबरच्या पाठीवर जॉकीसकट ६२ किलो, रेटिंग ६६. मागच्या रेसमध्ये १२०० मीटरला सुरुवातीपासून पुढे राहून आरामात जिंकलेला, सगळ्या मुंबईचा फेव्हरिट. दोन नंबर ६०.५ किलो, तोही पुढे जाणारा, आणि यावेळी त्याला पहिल्यांदाच ब्लिंकर्स लावलेले. चार नंबर ५८ किलो, मुळात १००० मीटरचा घोडा, ड्रॉ, म्हणजे सुरुवातीची जागा, एक, म्हणजे रेलला लागून, त्याला पुढे जाण्याशिवाय पर्यायच नाही, नाहीतर तो आत कोंडला जाणार. सहा नंबर ५५ किलो, रेटिंग ५२. आठ नंबर ५१.५ किलो, करिअरमध्ये जेमतेम चार रेस पळालेली फिली, म्हणजे तरुण घोडी, वर अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी पोरगा.

आता बघ. एक, दोन, चार, तिघेही पुढे जाणारे. दोन नंबरला पहिल्यांदा ब्लिंकर्स म्हणजे तो आणखी तापणार, कारण ब्लिंकर्स लावले की घोड्याला बाजूचं दिसत नाही, फक्त समोरचं दिसतं आणि बरेच घोडे त्याने एकदम सुटतात. म्हणजे पहिले ८०० मीटर ही रेस बेफाम वेगात जाणार हे आदल्या रात्रीच कागदावर दिसत होतं. मग मागून येणारे कोण? सहा आणि आठ.

सहा नंबर मागच्या रेसमध्ये एक नंबरच्याच मागे होता, चार लेंग्थने पाचवा. नुसता आकडा बघितला तर संपला विषय, चार लेंग्थने हरलेला परत कशाला खेळायचा. पण वजन बघ. आपल्याकडे हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे जिथे जास्त रेटिंगच्या घोड्यावर जास्त वजन चढवून सगळ्यांना बरोबरीत आणतात तिथे, रेटिंगच्या एका पॉइंटला अर्धा किलो. त्या रेसला एक नंबरचं रेटिंग ५८ होतं, सहा नंबरचं ५४, म्हणजे दोघांत चार पॉइंट, दोन किलोंचा फरक. जिंकल्यावर हँडिकॅपरने, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्याने, एक नंबरला आठ पॉइंट चढवले आणि सहा नंबरला दोन उतरवले. आता फरक चौदा पॉइंट, म्हणजे सात किलो. मागच्या वेळेपेक्षा पाच किलो सहाच्या बाजूने. या पल्ल्यावर साधारण एक किलो म्हणजे एक लेंग्थ असा अंदाज आम्ही धरतो, पल्ला लांब झाला की किलोभरापेक्षा कमी वजनातसुद्धा एक लेंग्थचा फरक पडतो. म्हणजे चार लेंग्थची तूट होती आणि पाच लेंग्थ परत मिळाल्या. वर पल्ला १२०० वरून १४००, आणि मागच्या व्हिडिओत हा शेवटी येतच होता, पोस्टनंतर तर त्याने दोघांना मागे टाकलं होतं.

मी लिहिलं होतं: सहा, मग आठ, फेव्हरिटवर फुली. निकाल काय लागला? एक, दोन आणि चार बेंडपर्यंत एका रांगेत पळाले, स्ट्रेटमध्ये २५० मीटर उरले असताना तिघांचे पाय जड झाले. सहा नंबर बाहेरून आला, पुढे गेला, मला वाटलं झालं, आणि शेवटच्या तीन ढांगांत आठ नंबरच्या फिलीने आतून येऊन शॉर्ट हेडने, म्हणजे डोक्याएवढ्याही नाही अशा फरकाने, हरवलं. अप्रेंटिसची वजनाची सवलत मी मोजली होती पण ती फिली अजून वाढतेय, दर रेसला सुधारतेय, हे मी कमी लेखलं. कमी पळालेल्या तरुण घोड्याचं रेटिंग त्याच्या खऱ्या ताकदीच्या मागे असतं, हँडिकॅपरला तरी त्याचं जे दिसलंय तेवढंच माहीत. त्या रात्री वहीत लाल पेनने तेच लिहिलं. पण रेस बरोबर वाचली होती, म्हणून क्विनेला होता माझ्याकडे, दोघं पहिल्या दोनांत कुठल्याही क्रमाने आले की क्विनेला लागतो. नुसतं सहावर विन, म्हणजे तो पहिला येण्यावर, खेळलो असतो तर अभ्यास बरोबर ठरूनही हात रिकामे राहिले असते.

वजनाचं अजून एक. सगळ्या रेस हँडिकॅप नसतात. टर्म्सच्या रेस असतात, डर्बीसारख्या मोठ्या क्लासिक्स असतात, तिथे वजन रेटिंगवर ठरत नाही, त्या रेसच्या अटींवर ठरतं, आणि फिलींना थोडी सवलत असते. तिथे माझं वरचं गणित चालत नाही, तिथे चांगला घोडा हा चांगलाच असतो आणि फेव्हरिटवर जास्त भरवसा ठेवता येतो. क्लास फाइव्हची, म्हणजे सगळ्यात कमी रेटिंगच्या घोड्यांची, रेस मात्र मी बहुतेक वेळा सोडतो. तिथले घोडे सातत्याने पळत नाहीत, आज एक जिंकेल उद्या तोच शेवटचा, आणि त्यातून कारण शोधत बसलो की आपणच आपल्याला फसवतो. नवीन घोड्यांच्या रेसही सोड, जिथे निम्मे घोडे पहिल्यांदाच पळतायत. तिथे ज्यांना माहिती असते ते तबेल्यातले लोक, आपण नाही.

आता सकाळचं ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव. पेपरात येतं ना, इनर सँड, म्हणजे आतला वाळूचा ट्रॅक, ६०० मीटर ४० सेकंद, इझी. किंवा १००० मीटर १ मिनिट ५ सेकंद, शेवटचे ६०० मीटर ३८, प्रेस्ड. बहुतेक लोक आकडा बघतात, मी त्यापुढचा शब्द बघतो, इझी म्हणजे सहज, प्रेस्ड म्हणजे जोर लावून. ३८ सेकंद चाबूक दाखवून काढले असतील तर त्यापेक्षा हात न हलवता काढलेले ४० मला जास्त आवडतात. आणि वर कोण बसलं होतं, ५० किलोचा रायडिंग बॉय की ६० किलोचा, त्याने केवढा फरक पडतो, ते पेपरातल्या आकड्यात कधीच दिसत नाही.

शक्य झालं तर एकदा पहाटे स्वतः जा. मी अजून महिन्यातून दोनदा जातो, सात रस्त्याला बसमधून उतरून चालत. सहाच्या सुमाराला हाजी अलीकडून वारा येत असतो, चालायला आलेली माणसं असतात, आणि त्यांच्या पलीकडे वाळूवर घोडे. आधी लांबून टापांचा आवाज येतो आणि मग श्वासाचा, फुर्र फुर्र, प्रत्येक ढांगेबरोबर. काही वर्षांपूर्वी एका मंगळवारी असंच बघत होतो, दोन घोडे जोडीने आले, बाहेरचा चेस्टनट, म्हणजे तांबूस रंगाचा, होता. स्टॉपवॉचवर ६०० ला ३९, काही विशेष नाही. पण चेस्टनटवरच्या जॉकीने मान वळवून शेजारच्या घोड्याच्या डोक्याकडे बघितलं आणि दोन्ही हात स्वतःच्या पोटाशी ओढून धरले, आणि घोडा मान खाली घालून लगाम मागत होता, कान पुढे. शेजारच्याला सोबत ठेवण्यासाठी तो थांबवला जात होता. पेपरात दुसऱ्या दिवशी आलं, पेअर लेव्हल. दोघे बरोबरीत. अकरा दिवसांनी तो चेस्टनट जिंकला आणि भाव, म्हणजे लागल्यावर लावलेल्या पैशांवर जे मिळतं ते, चांगला होता, कारण कागदावर काहीच नव्हतं. कान पुढे म्हणजे घोड्याचं मन लागलंय, कान मागे चिकटवून धावतो तो एक तर दमलाय नाहीतर वैतागलाय, हे सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे लोक, डोळे झाकून सांगतात.

याच कारणासाठी रेसच्या दिवशी पॅडॉक, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात ती जागा, सोडू नकोस. तू म्हणतोस तू स्टँडमध्ये जागा धरून बसतोस. जागा जाऊ दे, पॅडॉकला उभा राहा. अंगाला चकाकी आहे का, मागच्या पायांच्या मध्ये पांढरा फेस आलाय का, सईसला ओढतोय की सईसच्या मागे रेंगाळतोय. थोडा घाम मुंबईच्या मार्चमध्ये सगळ्यांनाच येतो, तो सोड, पण मानेवर आणि मांड्यांमध्ये फेस, डोळे पांढरे, आणि सारखी शेपटी हलवतोय तर त्या घोड्याने अर्धी रेस पॅडॉकमध्येच पळून घेतली असं समज. मी कागदावर निवडलेला घोडा पॅडॉकमध्ये बघून सोडलाय असं कितीदा झालंय. उलटं मात्र मी करत नाही, कागदावर नसलेला घोडा नुसता देखणा दिसला म्हणून खेळत नाही. देखणे घोडे खूप असतात.

सीझनचंही भान ठेव. जुलै ते ऑक्टोबर रेस पुण्यात असतात, पावसातल्या ट्रॅकवर, आणि मुंबईचा सीझन नोव्हेंबरच्या आसपास सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो, कोरड्या घट्ट ट्रॅकवर. पुण्यात मऊ जमिनीवर सपाटून पळालेला घोडा इथे नोव्हेंबरात तसाच पळेल असं धरू नकोस, काहींचे पाय घट्ट जमिनीला खुलतात, काहींचे आखडतात. म्हणून मुंबईतले पहिले तीन-चार दिवस मी जवळजवळ काहीच खेळत नाही, फक्त लिहितो. आणि पुण्याच्या सीझननंतर मुद्दाम विश्रांती देऊन डिसेंबर-जानेवारीसाठी राखलेले घोडे असतात, त्यांची पहिली रेस बहुतेक वेळा तब्येत कसण्यासाठी असते, दुसऱ्या-तिसऱ्या रेसला ते खरे दिसतात. कार्डाच्या खाली फॉल्स रेलबद्दल, म्हणजे आतल्या तात्पुरत्या कठड्याबद्दल, एक ओळ असते, तीही वाच. रेल बाहेर सरकवली की आतला झिजलेला पट्टा झाकला जातो आणि घोडे ताज्या गवतावर पळतात, त्या दिवशी रेलला धरून पुढे जाणाऱ्यांना पकडणं मला अवघड जाताना दिसलंय. पहिल्या दोन रेस बघायच्या, पुढचे टिकतायत की मागचे येतायत, आणि त्यावरून दिवसाचा उरलेला अंदाज बदलायचा. आदल्या रात्रीचा अंदाज काही दगडावर कोरलेला नसतो.

आता तुझा मूळ प्रश्न, फेव्हरिट लागूनही पैसे का जातात. जगभर साधारण तीनात एक फेव्हरिट जिंकतो. म्हणजे आठ रेसमध्ये दोन-तीन लागणारच, तुझं तेच होतंय, त्यात नशीब बिशीब काही नाही. पण फेव्हरिटचा भाव एवढा कमी असतो की ते दोन-तीन मिळून बाकीच्या पाच-सहांचं नुकसान भरून काढत नाहीत. वर टॅक्स. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकण्यावर नाही, लावण्यावर. म्हणजे तू प्रत्येक रेसला हात घातलास की प्रत्येक वेळी तो वळता होणार, घोडा लागो न लागो. आधी मी दिवसाला पाच रेस खेळायचो, आता दोन, कधी एक. मी निम्म्या रेस सोडतो म्हणतो ते याच्यासाठीही.

मग भाव कसा तपासायचा? मी कार्डावर प्रत्येक घोड्यापुढे एक आकडा लिहितो, ही रेस दहा वेळा पळवली तर हा किती वेळा जिंकेल. सगळ्यांची बेरीज दहा यायला पाहिजे, इथेच माणसाची स्वतःशी लबाडी पकडली जाते, कारण पहिल्यांदा लिहितो तेव्हा बेरीज पंधरा-सोळा येते. मग एकेकाला कमी करत बसायचं. समजा सहा नंबरला मी तीन दिले, दहात तीन वेळा. म्हणजे शंभर लावले तर मूळ धरून तीनशे तेहतीस मिळाले तरच बरोबरी. मैदानावर त्याला दोनशेच मिळत असतील तर घोडा कितीही आवडो, मी खेळत नाही. पाचशे मिळत असतील तर खेळतो. तुझा घोडा बरोबर होता की नाही याहून जास्त महत्त्वाचं हे आहे की तू त्याच्यासाठी किती किंमत मोजलीस. हे मला समजायला दहा वर्षं लागली आणि त्या दहा वर्षांत किती पैसे गेले ते घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही, त्याचा मला खरंच पश्चात्ताप आहे. म्हणून हेही आत्ताच सांगतो, सीझनच्या सुरुवातीला एक रक्कम वेगळी काढ जी गेली तरी घरभाडं, पोरांची फी, औषधं यांना धक्का लागणार नाही, आणि ती संपली की त्या सीझनपुरतं फक्त बघायचं. फोनवरच्या बाहेरच्या बुकीकडे तर अजिबात नको, एक तर बेकायदेशीर, आणि तिथे उधारीवर खेळता येतं, माणूस उधारीनेच बुडतो.

टिपचं. गेटवरचा तो माणूस तुला ओळखतही नाही आणि पक्की टिप देतो, का देत असेल? नव्वदीच्या सुरुवातीला मला असाच एक भेटला होता, सात रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीवर, तबेल्यात भाऊ आहे म्हणायचा. पगार झाला होता, निम्मा लावला. घोडा शेवटून दुसरा आला. हरलेल्याचं दुःख नव्हतं इतकं, पण परतताना महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर आमच्याच खात्यातले दोघे भेटले, त्या दोघांनाही त्याच माणसाने त्याच रेसची टिप दिली होती, आणि तिघांना तीन वेगवेगळे घोडे. ज्याचा लागला त्याच्याकडून तो दुसऱ्या दिवशी बक्षीस मागायला येणार होता. तेव्हापासून मी कोणाकडून घोड्याचं नाव घेत नाही. माहिती घेतो, अमुक घोड्याला मध्ये खोकला होता, अमुकचे नाल बदलले, हे ऐकतो आणि वहीतल्याशी ताडून बघतो. नाव माझं मी काढतो.

जॅकपॉटबद्दल. शेवटच्या पाच रेसचे पाचही विनर सांगायचे, सत्तर टक्के रक्कम पाच बरोबर येणाऱ्यांना आणि तीस टक्के एक चुकलेल्यांना. त्यात ज्या रेस मी सोडायला सांगतोय त्याही येतातच, सुटका नाही. म्हणून मी खेळतो तेव्हा मला ज्या एका रेसची सगळ्यात जास्त खात्री आहे तिथे एकच घोडा, बँकर, आणि कठीण रेसमध्ये चार-पाच घोडे पसरतो. लोक उलटं करतात, प्रत्येक रेसला दोन-दोन घोडे घेतात, दोन दुणे चार चार दुणे आठ करत बत्तीस कॉम्बिनेशन होतात आणि तरी कठीण रेसमध्येच तिकीट मरतं. तुझ्यासाठी सध्या जॅकपॉट नको. ट्रेबल, म्हणजे तीन रेसचे तिन्ही विनर सांगायचे, तेसुद्धा नको. एक सीझन फक्त विन आणि क्विनेला.

डर्बी जवळ आलीये म्हणून तेवढं सांगून थांबतो. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते, २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे. १९४३ साली पहिली डर्बी झाली तेव्हा प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या फिलीने जिंकली होती, आणि २०१० ला जॅकलिनने, तीही फिलीच, त्यामुळे फिली दिसली की खोडून टाकू नकोस. डर्बीत लोक डिसेंबरच्या गिनीज नावाच्या क्लासिक रेसचा निकाल धरून बसतात, पण गिनीज १६०० मीटरची, त्यात तेज पाय जिंकतात. २४०० ला शेवटच्या ४०० मध्ये दम लागतो आणि तो बापाकडून आणि आईच्या घराण्याकडून येतो. एक काळ होता की उषा स्टड या घोडेपैदास फार्ममधल्या रझीन या स्टॅलियनची, म्हणजे पैदाशीच्या घोड्याची, पोरं लांब पल्ल्याला आली की मी फार विचारच करायचो नाही. आताचे स्टॅलियन वेगळे, पण पद्धत तीच. गिनीजमध्ये तिसरा-चौथा आलेला, शेवटी येत असलेला, आणि ज्याची आई किंवा आईचे भाऊ २००० च्या पुढे जिंकलेत तो घोडा आधी शोध. आणि जॉकी बघ. बाकी रेसमध्ये मी जॉकीला दुय्यम मानतो, डर्बीत नाही, पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ इंडियन डर्बी जिंकल्या त्या उगाच नाही, २४०० मीटरमध्ये कधी थांबायचं आणि कधी सोडायचं हे घोड्याला माहीत नसतं.

या रविवारचं कार्ड आलं की पैसे न लावता एवढंच कर. प्रत्येक रेसमध्ये पुढे जाणाऱ्या घोड्यांपुढे पेन्सिलने बाण काढ. एकच बाण असलेल्या रेस एका बाजूला, तीन किंवा जास्त बाण असलेल्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंतली एकेक रेस निवड, दहात किती वेळा ते आकडे लिही, बेरीज दहा करून, आणि मला पाठव. फेव्हरिट कोण आहे ते त्या कागदावर लिहू नकोस.